जैनीबाईचं पेट्रोल

बायकोपाशी नाही, सख्ख्या भावापाशी नाही, मार्कंड्याच्या जत्रेत देवापुढे उभा राहिलो तेव्हा देवापाशीही नाही — ही गोष्ट मी अजून तोंडातून बाहेर काढलेली नाही. निघेल असं वाटायचं, आणि ऐन वेळी दुसरंच काही निघायचं. धानाचं, रस्त्याचं, कोणाच्या तरी गाडीच्या चेनचं. आज लिहून पाहतो. तुम्ही समोर बसलेले नाही, तुमचा चेहरा मला दिसत नाही — म्हणून जमेल कदाचित.

मी अहेरीत मोटरसायकलचं गॅरेज चालवतो. केस पांढरे झाले, चष्मा लागला, जागा तीच. आता ज्या नव्या गाड्या येतात त्यांच्यात कार्बोरेटर नसतो. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं ते गाडीच ठरवते, आणि आम्ही मिस्त्री लोक वायर जोडून स्क्रीनकडे पाहत बसतो. पण मी सांगतोय ते कार्बोरेटरच्या दिवसांतलं. तेव्हा या भागात माझं नाव होतं. कोणाची गाडी पिकअप घेत नसली, चढावर धापा टाकत असली, की लोक म्हणायचे — अहेरीच्या मिस्त्रीकडे ने, त्याच्या कानाला समजते. मी गाडी सुरू करायचो, डोळे मिटायचो, स्क्रू जरासा इकडे, जरासा तिकडे — आणि आवाज असा बसायचा की भोवती उभी असलेली माणसं मान डोलवायची.

ते मान डोलवणं मला फार आवडायचं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. की हेही मी सबबीसारखंच सांगतोय? असेल. पुढे जातो.

आधी जैनीबाईचं सांगितलं पाहिजे. आलापल्ली मागे पडली आणि भामरागडचा रस्ता जंगलात शिरला की एका वळणावर मोहाच्या झाडाखाली तिची टपरी होती. कुडाची, वर ताडपत्री. बिडी, बिस्किटं, काडेपेटी, आणि फळीवर ओळीनं ठेवलेल्या पेट्रोलच्या बाटल्या. त्या वेळी त्या रस्त्यावर पुढे पंपाचा भरवसा नसायचा. नर्सबाई, आश्रमशाळेचे मास्तर, तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराची माणसं — सगळ्यांच्या गाड्या कधी ना कधी तिच्या बाटलीवर घरी पोचल्या आहेत. पावसाळ्यात नाल्यांना पाणी चढून रस्ता तुटला की अडकलेल्यांना तिचाच आधार. ती माडिया आदिवासी. नवरा वारलेला, एक मुलगी आश्रमशाळेत शिकत होती.

बाजाराच्या दिवशी ती अहेरीला यायची. रिकामे कॅन माझ्या गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवायची, माठातलं पाणी प्यायची आणि बाजारात जायची. परतताना कॅन भरून घ्यायची आणि जीपवर चढवायची. मराठी तिला मोजकीच यायची. मला दादा म्हणायची. हंगामात पानाच्या द्रोणात रानातली चारं आणायची, टेंभरं आणायची, न बोलता माझ्या हत्यारांच्या पेटीवर ठेवून द्यायची. आणि पेट्रोल — पेट्रोल तिच्याएवढं जपताना मी कोणाला पाहिलं नाही. कॅनातून बाटलीत ओतताना फडक्यातून गाळायची. एकदा मी गमतीनं म्हटलं, बाई, दूध आहे का ते? तर म्हणाली, "कचरा गेला तर गाडी मरते नं दादा." माझ्याच गॅरेजमध्ये ऐकलेलं वाक्य तिनं मला ऐकवलं होतं.

अशी ती होती. आता प्रमोदचं.

प्रमोद आमच्याच वस्तीतला तरणा गडी. मोबाईलच्या टॉवरवर काम करायचा. जंगलातल्या टॉवरचं जनरेटर बंद पडलं, बॅटरी बसली, की हा आपल्या बापाची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल काढून निघायचा. त्या गाडीवर त्याचा जीव होता. एकदा नागपूरला गेला आणि तिच्यासाठी उघड्या जाळीचा एअर फिल्टर आणि मोठ्या तोंडाचा सायलेन्सर घेऊन आला. आवाज पाहिजे होता त्याला. त्या वयात कोणाला नको असतो?

पण तो आधी माझ्याकडे आला नाही. आलापल्लीला एक नवा मिस्त्री बसला होता, नागपूरला काम शिकून आलेला, त्याच्याकडे गेला. तिथून परत फिरून माझ्याकडे आला. दुपारची वेळ. गॅरेजवर चार माणसं उभी होती, प्रमोदचा मोठा भाऊ दिवाकरही होता. प्रमोद म्हणाला, "तो म्हन्ते, फिल्टर अन् सायलेन्सर बदलला तं कार्बोरेटरचा जेट बी बदलाव लागते. नागपूरहून येईपर्यंत हे लावू नको म्हन्ते."

मी हसलो. सगळ्यांकडे पाहून हसलो. आणि म्हटलं, "जेट त्याले लागत असन, ज्याले कान नाई. आन इकडे."

माणसं हसली. दिवाकरनं मान डोलवली.

तो आलापल्लीचा मिस्त्री बरोबर होता. मला तेव्हाही माहीत होतं. जेट म्हणजे शेंगदाण्याएवढा पितळी तुकडा, त्याला केसासारखं बारीक छिद्र. त्या छिद्रातून पेट्रोल येतं आणि हवेत मिसळतं. फिल्टर उघडा केला, सायलेन्सर मोकळा केला, की इंजिन जास्त हवा ओढतं. हवा वाढली तर पेट्रोलही वाढलं पाहिजे — म्हणजे छिद्र मोठं पाहिजे. नाहीतर पेट्रोल कमी पडतं. आणि टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला थंडावा त्या पेट्रोलचाच. तो कमी पडला की पिस्टन तापतो, फुगतो, आणि एका क्षणी सिलेंडरला धरून बसतो. इतकं सरळ आहे. मोठा जेट माझ्याकडे नव्हता. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं.

मी काय केलं? कार्बोरेटरची सुई एक खाच वर घेतली. हवेचा स्क्रू फिरवून जागेवरची चाल बसवली. एवढ्यानं गाडी उभी असताना छान वाजते, मधल्या रेसलाही बरी पळते. फक्त रेसची मूठ पूर्ण पिळून लांबवर पळवली तर — तिथे सुई कामाची नाही, स्क्रू कामाचा नाही, तिथे फक्त जेट. मी गाडी स्टँडवर लावून रेस दिली. असा दणदणीत, भरलेला आवाज निघाला की समोरच्या किराणावाल्यानं बाहेर येऊन पाहिलं. प्रमोदचा चेहरा लहान पोरासारखा फुलला.

खरं तर तेव्हा गाडी मोकळ्या रस्त्यावर नेऊन पळवायला पाहिजे होती आणि मग प्लग काढून त्याचा रंग पाहायला पाहिजे होता. विटकरी निघाला तर ठीक, पांढरा निघाला तर धोका. हे मी कित्येकांना शिकवलं आहे. त्या दिवशी मी प्लग काढला नाही. का नाही काढला? कारण तो कोणत्या रंगाचा निघणार ते मला ठाऊक होतं.

आणि एक वाक्य होतं. 'पूर्ण रेस देऊ नको, जेट आला की बदलून देतो.' एवढंच. हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं होतं का? मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. आलं होतं. चार माणसं उभी होती म्हणून मी ते गिळलं.

पुढचं मात्र त्याहून वाईट आहे. मी चंद्रपूरच्या एका ओळखीच्या दुकानदाराला गुपचूप सांगून तो जेट मागवला. एसटीच्या कंडक्टरच्या हाती आला तो, कागदाच्या पुडीत. मी पुडी ड्रॉवरमध्ये टाकली. प्रमोद रोज गॅरेजवरून जायचा, हात वर करायचा, मीही हात वर करायचो. थांब म्हणालो असतो तर चहा होईपर्यंत काम झालं असतं. पण थांब म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं? की मी बढाई मारली? उद्या सांगू, परवा सांगू. बाजूला कोणी नसेल तेव्हा सांगू. कधी ना कधी कोणी नसायचंच — तरी मी सांगितलं नाही. गाडीही मस्त चालत होती, कारण तिकडचा रस्ताच इतका खराब की मूठ पूर्ण पिळायला जागाच नव्हती. मी मनाशी म्हणायलाही लागलो, चालते आहे ना, मग चालू दे.

मग त्या रस्त्याच्या एका लांब तुकड्यावर नवं डांबर पडलं.

प्रमोद त्या सकाळी टॉवरवर निघाला होता. जैनीबाईच्या टपरीवर थांबून त्यानं एक बाटली टाकीत ओतून घेतली. तिनं फडक्यातून गाळून दिली असणार, नेहमीसारखी. पुढे नवा रस्ता लागला, सरळ, गुळगुळीत, दोन्ही बाजूंनी साग. त्यानं मूठ पिळली असणार. कोणी पिळली नसती? पिस्टन धरला, मागचं चाक जागच्या जागी थांबलं, आणि गाडी आडवी होऊन त्याला घेऊन पुलियाच्या कठड्यावर गेली. पाय गाडीखाली. धान घेऊन जाणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्यानं त्याला उचलून आणलं. मांडीचं हाड मोडलं होतं. अहेरीहून चंद्रपूर, तिथून नागपूर. पाय राहिला, पण आखूड राहिला.

गाडी माझ्याकडे आली. पिकअपमध्ये घालून दिवाकर स्वतः घेऊन आला. सोबत प्रमोदचे मित्र होते. मी इंजिन उघडलं. प्लग काढला — चुन्यासारखा पांढरा. पिस्टनवर ओरखडे, एका बाजूनं धातू वितळून ओढला गेलेला. शिकाऊ माणसालाही वाचता आलं असतं. पण तिथे वाचणारा मी एकटाच होतो. मी प्लगवर मूठ मिटली.

"काय झालं, मिस्त्री?" दिवाकर म्हणाला.

सांगायचं होतं की नाही? मला वाटतं त्या क्षणापर्यंत मी ठरवलेलं नव्हतं. मी वर पाहिलं. ती सगळी माणसं माझ्याकडे पाहत होती, आणि अजूनही — हे लिहायला लाज वाटते — अजूनही त्यांच्या नजरेत तोच भरवसा होता. मी विचारलं, "शेवटचं पेट्रोल कुठी भरलं होतं यानं?"

पाहा, हे खोटं तरी आहे का? हा तर साधा प्रश्न. अनेक वर्षं मी स्वतःला हेच समजावलं — मी फक्त विचारलं. पण ज्या माणसाला उत्तर नको असतं, नुसती दिशा दाखवायची असते, त्याच्या प्रश्नाला काय म्हणायचं?

"जैनीकडे," दिवाकर म्हणाला. "त्या वळनावरच्या."

मी टाकीत बोट बुडवलं. नाकाशी धरलं. पेट्रोलचाच वास होता, निखळ. मी म्हटलं, "वास वेगळा येऊन राह्यला."

"रॉकेल?" भेसळीनं इंजिन धरतं हे त्यालाही ठाऊक होतं.

"असू शकते."

एवढंच बोललो. 'आहे' म्हणालो नाही, 'असू शकते' म्हणालो. शब्दसुद्धा मी सांभाळून वापरला.

घरी बायकोनं, सुनंदानं, ताट वाढताना विचारलं, "तुमच्या हातून तं काई राह्यलं नाई ना त्या गाडीत?" मी तिच्यावर असा ओरडलो की ती पाण्याचा तांब्या तिथेच ठेवून आत गेली. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. कधीच नाही. तिला काय कळलं, किती कळलं, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिवाकर आणि मित्र मंडळी त्या वळणावर गेली. मी नव्हतो. मला नंतर कळलं — आणि सांगणारे हसत सांगत होते — बाटल्या फोडल्या, कॅन उलटे केले, सगळं पेट्रोल मातीत. जैनीबाई ओरडली नाही म्हणे. "मी नाई टाकलं, मी नाई टाकलं," एवढंच म्हणत राहिली, मग तिला पुढचे मराठी शब्द सुचेनासे झाले आणि ती आपल्या भाषेत बोलायला लागली. ती भाषा त्यांच्यातल्या कोणाला येत नव्हती.

बाजाराच्या दिवशी ती आली. या वेळी कॅन नव्हते. हातात एक बाटली होती, त्या फोडाफोडीतून वाचलेली, पदरात धरलेली. गॅरेजवर दिवाकर होता, आणखी दोघंतिघं होते. ती सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली. म्हणाली, "दादा, तू पाह्य. तुले समजते. तू सांग यायले."

माझी पेटी झाकायला मी वर्तमानपत्राचा कागद टाकत असे. तिनं बाटली उघडून त्यावर थोडं ओतलं. आम्ही सगळे पाहत होतो. पेट्रोल पसरलं, कागद ओला झाला, आणि बघता बघता उडून गेलं. रॉकेल असतं तर तेलकट डाग राहिला असता. डाग नव्हता. तिनं तो कागद उचलला आणि माझ्यापुढे धरला. "पाह्य. काईच नाई."

मला आजही तो कागद आठवतो. कोरडा होता.

सगळे माझ्याकडे पाहत होते. दिवाकरचाही चेहरा जरा बदलला होता — तो वाईट माणूस नाही, भावाच्या पायानं वेडा झाला होता. त्या वेळी मी नुसतं 'पेट्रोल चांगलं आहे' म्हणालो असतो तर त्यानं मानलं असतं. मी म्हणालोही. म्हणालो, "हे चांगलं आहे, बाई." आणि मग — थांबलो नाही. "पन त्या दिवसाचं मी कसं सांगू?"

ती म्हणाली, "त्या दिवसाचं पन याच कॅनातलं, दादा."

"जाय बाई आता," दिवाकर म्हणाला. "मिस्त्री काय खोटं बोलन?"

मी खाली वाकलो. कोणाचा तरी कार्बोरेटर उघडा पडला होता, त्यातला एक स्क्रू उगाच फिरवत बसलो. तिनं बाटलीचं झाकण लावलं. ते आटे फिरल्याचा आवाज मला ऐकू आला — कानच तसे. मग ती गेली.

त्यानंतर तिच्याकडून कोणी पेट्रोल घेतलं नाही. लोकांनी तिचं नावच रॉकेलवाली पाडलं. काही दिवस टपरी उघडी होती, बिडी-बिस्किटांवर, मग तीही मोडली. ती मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या मजुरांच्या गाडीत बसली. आधी कधी गेली नव्हती. सुट्टीत घरी आलेल्या मुलीला कोणापाशी ठेवणार? सोबत नेलं. त्या मुलीची शाळा तिथेच सुटली. त्या पावसाळ्यात वळणापलीकडे गाड्या बंद पडल्या, एक मास्तर पाऊस झेलत गाडी ढकलत आला. गॅरेजवर बसून म्हणाला, "ती बाई होती तं बरं होतं." मी म्हटलं, हो, बरं होतं.

आणि प्रमोद? त्याचं टॉवरचं काम सुटलं. आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं, माझ्या गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर. चालताना एका बाजूला झुकतो. लग्न झालं, मुलगी आहे. एकदा मला म्हणाला होता, "तो आलापल्लीवाला जेट-जेट करत होता, पन गाडी तं इतके दिवस झकास चालली नं. तुम्ही वास घेतला म्हनून समजलं, मिस्त्री." दिवाळीला फराळाचं ताट घेऊन येतो. मी चिवडा खातो, चहा पाजतो. इतकी वर्षं. आलापल्लीचा तो मिस्त्री नंतर गॅरेज बंद करून हैदराबादकडे गेला. तो गेला हे कळलं तेव्हा मला बरं वाटलं — हेही लिहून टाकतो, लपवण्यासारखं आता काय राहिलं?

जैनीबाई मिरचीहून परत यायची, पुन्हा जायची. बाजारात दिसायची. माझ्या गॅरेजसमोर आली की रस्त्याच्या पलीकडून चालायची. मीही बाजाराच्या दिवशी पाठ रस्त्याकडे करून काम करायला शिकलो होतो. असे आम्ही दोघं या गावात वागत आलो.

यंदा धान कापणी झाल्यावरची गोष्ट. बाजाराचाच दिवस. एक तरणा माणूस मोटरसायकल ढकलत गॅरेजवर आला. जुनी गाडी, कार्बोरेटरची. बंद पडून राह्यली म्हणाला. मी हाताला ग्रीस होतं ते पुसत उठलो तर त्याच्या मागे, रस्त्याच्या कडेला, जैनीबाई उभी. म्हातारी झालेली. तिचा जावई होता तो. त्याला कुठून ठाऊक असणार मी कोण ते? पहिलं गॅरेज दिसलं, आला.

मी कार्बोरेटर उघडला. जेटमध्ये बारीक कचरा अडकला होता. तार फिरवली, फुंकलं, पुन्हा बसवलं. किक मारली. गाडी सुरू झाली. मी सवयीनं डोळे मिटून स्क्रू बसवत होतो. डोळे उघडले तेव्हा ती जवळ आली होती.

"काय झालं होतं?"

"कचरा होता बाई, बारीकसा."

"पेट्रोल?"

"पेट्रोल चांगलं आहे."

तिनं गाडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "माजं पन चांगलं होतं, दादा." भांडायला नाही, रडायला नाही. आमच्याकडे यंदा धान बरं पिकलं, असं कोणी सांगावं तसं.

मी म्हटलं, "माईत आहे मले."

गाडी सुरूच होती. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मी चावी फिरवून इंजिन बंद केलं. तिनं विचारलं, "कवापासून?"

"पयल्या दिवसापासून."

तर सुरुवातीला मी लिहिलं की कोणालाच सांगितलं नाही — त्यातून एवढं वजा करा. पण हे सांगणं म्हणता येईल का? तिनं विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. गाडीत काय केलं होतं, काय केलं नव्हतं, प्लग कोणत्या रंगाचा निघाला, त्यातलं एक अक्षर मी बोललो नाही. तिनं शिवी दिली नाही, हात उचलला नाही. जावयाला आपल्या भाषेत काहीतरी बोलली, अगदी थोडं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याला काही कळलं होतं असं वाटलं नाही. ती मागे बसली, पिशवी मांडीवर घेतली, आणि दोघं बाजाराकडे गेले. परत जाताना ते दुसऱ्या रस्त्यानं गेले असावेत. मी दिवस मावळेपर्यंत तोंड रस्त्याकडे करून बसलो होतो.

प्रमोदला मी अजून सांगितलेलं नाही. हे छापून आलं की पहिला अंक स्वतः त्याच्या दुकानात नेऊन देईन, असं एक वाक्य इथे लिहिलं होतं. खोडलं. असली वाक्यं मी पूर्वीही मनात खूप लिहिली आहेत. तो फारसा वाचत नाही. पण अहेरी लहान आहे, कोणीतरी त्याला वाचून दाखवेल, आणि गॅरेज कोणाचं ते कोणाला विचारावं लागणार नाही.

प्रमोदचा पाय माझ्या हातून गेला. जैनीबाईची टपरी माझ्या तोंडून गेली, आणि तिच्या मुलीची शाळाही. तिनं त्या सकाळी विकलेलं पेट्रोल चोख होतं.